इच्छा नसताना कोणाला संमोहित करता येते का?

तुमच्या प्रश्नात दोन घटना एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की उत्तर देणे सोपे जाते. पहिली घटना तुमच्या मोठ्या भावाची आहे. रस्त्यात एका अनोळखी माणसाने पत्ता विचारण्याच्या निमित्ताने त्याला थांबवले, बोलण्यात गुंतवले, आणि काही मिनिटांत भावाने बोटातली अंगठी व खिशातले पाकीट स्वतःच्या हाताने काढून त्याच्या हवाली केले. ‘त्याने मला संमोहित केले’ असे भाऊ सांगतो; घरातल्या काहींना ते पटते, काहींना पटत नाही. दुसरी घटना अजून घडायची आहे. पॅनिक अटॅकच्या त्रासासाठी मनोविकारतज्ज्ञांनी तुम्हाला संमोहनाच्या साहाय्याने उपचार सुचवले आहेत, पण भावाचे ऐकल्यापासून ‘आपला स्वतःवरचा ताबा गेला तर’ या धास्तीने तुम्ही भेटीची तारीख पुढे ढकलत आहात. म्हणून तुम्ही विचारता, की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध संमोहित करता येते का. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि बऱ्याच वर्षांपासून उपचारांत संमोहनाचा वापर करते, तेव्हा संशोधनात जे आढळले आहे आणि माझ्या समोरच्या खुर्चीत जे दिसते, ते दोन्ही सांगते.

जो माणूस मनापासून विरोध करत आहे, त्याला निव्वळ शब्द, नजर किंवा हातवारे यांच्या जोरावर संमोहित करता येत नाही. एवढे मी निःशंकपणे लिहू शकते. पण एवढेच लिहून थांबले तर ते अर्धे उत्तर होईल, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तीन शंका असतात. मी नाही म्हणत असताना कोणी मला त्या अवस्थेत नेऊ शकेल का? मला पत्ता लागू न देता नेऊ शकेल का? आणि एकदा मी त्या अवस्थेत गेलो, की मला न पटणारे काम माझ्याकडून करवून घेता येईल का? या तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेला थोडा आधार आहे.

आधी संमोहनात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. लंबक, रोखलेली नजर, गरगरणारी तबकडी हे रंगमंचाचे सामान झाले. माझ्याकडे येणारी व्यक्ती साध्या खुर्चीत बसते. मी तिला समोरच्या एखाद्या बिंदूवर नजर स्थिर करायला किंवा श्वासाकडे लक्ष द्यायला सांगते, सावकाश बोलत राहते, आणि थोड्या वेळाने एखादी साधी सूचना देऊन पाहते. उदाहरणार्थ, उजव्या मनगटाला हवेत तरंगणारा फुगा बांधला आहे आणि तो हाताला वर ओढतो आहे अशी कल्पना करा. काहींचा हात जागचा हलत नाही. काहींच्या मात्र आधी बोटांची टोके थरथरतात, मग मनगट खुर्चीच्या हातावरून सुटते, आणि बारीक बारीक हिसके घेत हात वर चढू लागतो. मुद्दाम उचललेला हात असा चढत नाही. तो एका दमात, सफाईने वर जातो. नंतर विचारले तर ही माणसे सांगतात, ‘मी उचलला नाही, तो आपला आपणच गेला.’

हा अनुभव खरा असतो, त्यात सोंग नसते, आणि संशोधकही त्यालाच संमोहनातल्या प्रतिसादाची मुख्य खूण मानतात. परंतु एखादी हालचाल आपोआप झाल्यासारखी वाटणे वेगळे आणि ती थांबवता न येणे वेगळे. ज्यांचा हात वर गेला आहे त्यांचे नाक खाजले, तर तोच हात नाकाकडे जातो. खोलीबाहेर काही आपटल्याचा मोठा आवाज झाला, तर डोळे उघडून ‘काय झाले?’ असे विचारतात. एका गृहस्थांना मी समुद्रकिनाऱ्याचे वर्णन करत शांत करत होते. चेहरा सैल पडलेला, श्वास संथ, इतर सूचनांना प्रतिसाद उत्तम. सत्र संपल्यावर ते सहज म्हणाले, ‘समुद्राची मला भीती वाटते, म्हणून तुम्ही लाटा म्हणालात तेव्हा मी एका डोंगरावर जाऊन बसलो होतो.’ मला याचा पत्ताही लागला नव्हता. सूचना गाळून घेणारे, बदलून घेणारे, नको ती बाजूला ठेवणारे कोणीतरी आत जागे असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट हिलगार्ड यांना हे एका वर्गातल्या प्रात्यक्षिकात फार स्पष्टपणे दिसले. संमोहनाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याला त्यांनी ‘तुला आता काही ऐकू येणार नाही’ अशी सूचना दिली. त्यानंतर त्याच्या जवळ मोठे आवाज काढले, तरी तो दचकला नाही. मग हिलगार्ड यांनी हलक्या आवाजात सांगितले, की तुझ्या मनाचा एखादा भाग हे ऐकत असेल तर त्याने बोट उचलावे. बोट उचलले गेले. हिलगार्ड यांनी त्या भागाला ‘छुपा निरीक्षक’ म्हटले. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर पुढे बराच वाद झाला. मनाचे खरोखर दोन प्रवाह होतात असे एका पक्षाचे म्हणणे होते. निकोलस स्पॅनोस यांच्यासारखे टीकाकार म्हणत, की समोरच्याची अपेक्षा ओळखून माणूस तसा वागतो आणि तसेच अनुभवतो. तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे, तर दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात ‘इच्छा गळून पडलेला माणूस’ कुठेच येत नाही.

विरोध करणाऱ्या माणसाला संमोहित का करता येत नाही, याचे कारण यावरून लक्षात येईल. सगळे काम ज्याला संमोहित करायचे त्यालाच करावे लागते. लक्ष एकवटायचे ते त्याने, कल्पना करायची ती त्याने. मी फक्त वाट दाखवते. तो मनातल्या मनात पाढे म्हणत बसला तर माझ्याकडे काही उपाय नसतो. एक बारकावा मात्र सांगायला हवा. ‘बघू या, तुम्ही मला कसे संमोहित करता’ असे आव्हान देत जो येतो, तो वरवर विरोधक दिसला तरी पुष्कळदा आतून उत्सुक असतो, आणि माझ्या प्रत्येक शब्दावर त्याचे बारीक लक्ष असते. अशा माणसाचा हात वर गेल्याचे मी पाहिले आहे. नंतर तो ‘इच्छेविरुद्ध झाले’ असे सांगत फिरतो. माझ्या मते त्याला इच्छा होती, फक्त ती कबूल करायची नव्हती.

प्रतिसाद किती मिळेल हेही संमोहन करणाऱ्याच्या कथित शक्तीपेक्षा समोरच्या व्यक्तीच्या घडणीवर अधिक अवलंबून असते. आंद्रे वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्डची पहिली मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात १२ सूचना असतात आणि त्यांतल्या किती लागू पडल्या त्यावरून गुण मिळतात. ढोबळमानाने १० ते १५ टक्के लोक फार चांगला प्रतिसाद देतात, जवळपास तेवढेच लोक जवळजवळ देतच नाहीत, आणि बाकीचे मध्ये कुठेतरी असतात. प्रतिसाद देण्याची ही क्षमता आयुष्यभर बरीच टिकून राहते. स्टॅनफर्डमध्ये तपासलेल्या काही विद्यार्थ्यांना २५ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध ०.७१ इतका भरला. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांतही एवढे सातत्य दिसले तर ते चांगले मानले जाते. चांगला प्रतिसाद देणारे लोक दुबळ्या मनाचे किंवा भोळे असतात, हा समज चुकीचा आहे. गोष्ट वाचताना किंवा संगीत ऐकताना भोवतालचे भान हरपावे इतके रंगून जाण्याची क्षमता त्यांच्यात अधिक आढळते, इतकेच. रंगमंचावरचा कलाकार सुरुवातीला साऱ्या प्रेक्षागृहाला बोटे एकमेकांत गुंतवायला सांगतो आणि ज्यांची बोटे ‘सुटत नाहीत’ त्यांना वर बोलावतो, तेव्हा तो हेच लोक वेचून घेत असतो. हस्तांदोलन करता करता लोकांना ‘झोपवणाऱ्या’ व्हिडिओंमध्येही समोरच्याला आपण कोणापुढे उभे आहोत याची बहुतेक वेळा कल्पना असते, आणि जे प्रयत्न फसले ते आपल्याला दाखवले जात नाहीत.

आता दुसरी शंका: पत्ता लागू न देता संमोहित करता येईल का? याचा एक सुंदर प्रयोग १७८४ मध्येच झाला. फ्रान्झ मेस्मर या वैद्याने आणि त्याच्या अनुयायांनी पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाच्या अदृश्य द्रवाने रोग बरे करण्याचा सपाटा लावला होता, आणि सोळाव्या लुईने त्याची चौकशी करायला जे मंडळ नेमले त्यात बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतले एक झाड ‘चुंबकित’ करण्यात आले आणि अशा झाडांना प्रतिसाद देणाऱ्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. चुंबकित झाडापासून तो दूरच होता, पण भलत्याच झाडाखाली त्याला भोवळ आली. इतर चाचण्यांतही हाच प्रकार दिसला: आपल्यावर प्रयोग चालू आहे असे ज्यांना वाटले त्यांना झटके आले, आणि ज्यांच्यावर नकळत प्रयोग केला त्यांना काहीच झाले नाही. परिणाम अपेक्षेचा होता. अलीकडे, २००५ मध्ये गांधी आणि ओकली या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याच अंगाने जातो. त्यांनी एकच कृती दोन गटांवर केली. एका गटाला सांगितले की हे संमोहन आहे, दुसऱ्याला सांगितले की हा शिथिलीकरणाचा व्यायाम आहे. सूचनांना मिळणारा प्रतिसाद ठळकपणे वाढला तो संमोहनाचे नाव ऐकलेल्या गटात. म्हणजे नकळत केलेल्या संमोहनाची धार बोथट असते.

बोथट असते, पण शून्य नसते, आणि इथे मी वाचकाला खोटा दिलासा देणार नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कौटुंबिक खटले चालवणाऱ्या एका वकिलाला २०१६ मध्ये १२ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो आपल्या महिला अशिलांना मन शांत करण्याचा व्यायाम म्हणून डोळे मिटायला लावून संमोहित करत असे आणि त्या अवस्थेत त्यांचे लैंगिक शोषण करत असे. भेटीतले बरेचसे आपल्याला आठवत नाही आणि कपडे अस्ताव्यस्त असतात, हे एका महिलेच्या लक्षात आले. तिने पुढच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण केले आणि त्यावरून प्रकरण उघडकीला आले. या स्त्रियांनी संमोहनाला संमती दिली नव्हती. त्यांनी संमती दिली होती ती आपल्या वकिलाने सांगितलेल्या एका निरुपद्रवी व्यायामाला, आणि तीही घर आणि मुले पणाला लागलेली असताना, ज्या माणसावर सगळी भिस्त होती त्याच्यासमोर बसून. त्यांच्या विरोधावर कोणी मात केली नाही. विरोध करायचे कारण आहे हे त्यांना कळूच दिले गेले नाही. इच्छेविरुद्ध संमोहन शक्य नाही असे जे सरसकट सांगतात, ते अशा पीडितांवर नकळत ‘मग तुमची इच्छा असणारच’ असा आरोप करतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

तिसरी शंका जुनी आहे, आणि तिच्यावर न्यायालयांतही भांडणे झाली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नॅन्सी शहरातले तज्ज्ञ म्हणत, की संमोहित व्यक्तीकडून गुन्हा करवता येतो. पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या पंथाचे लोक हे नाकारत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातला एक प्रसंग फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी नोंदवला आहे. मान्यवरांच्या सभेत एका संमोहित तरुणीने सूचनेप्रमाणे खोट्या सुऱ्यांनी लोकांना भोसकले, विष पाजले. पाहुणे गेल्यावर मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून तिला सांगितले, की तू आता एकटी आहेस, कपडे उतरवून स्नान कर. खून बिनदिक्कत करणारी ती तरुणी हे ऐकताच आचके देऊ लागली आणि प्रयोग तिथेच थांबला. कोणते नाटक आहे आणि कोणते नाही, हे तिला पुरेपूर कळत होते.

पुढे मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा प्रश्न बराच निकालात काढला. संमोहित व्यक्तींना विषारी साप हाताने पकडायला, धूर निघणाऱ्या आम्लातून नाणे काढायला आणि तेच आम्ल सहायकाच्या तोंडावर फेकायला सांगण्यात आले. इजा होऊ नये याची छुपी व्यवस्था अर्थातच होती. ६ पैकी ५ जणांनी हे सगळे केले. इथवर वाचून माणूस घाबरतो. पण ज्यांना संमोहित न होता केवळ तसे सोंग करायला सांगितले होते, त्या ६ पैकी ६ जणांनीही ते केले, आणि कसलेही संमोहन नसलेल्यांनीही आग्रह झाल्यावर मोठ्या प्रमाणावर केले. नंतर विचारले तेव्हा त्यांचे म्हणणे पडले, की विद्यापीठातला जबाबदार संशोधक कोणाला खरी इजा होऊ देणार नाही अशी आमची खात्री होती. या लोकांकडून ते काम संमोहनाने करवले नव्हते. प्रयोगशाळा, अधिकार आणि विश्वास यांनी करवले होते. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. भीती बाळगायचीच असेल तर ती तंद्रीची बाळगू नये. समोरच्या माणसाशी आपले नाते काय आहे, त्याच्यावर आपण किती विसंबलो आहोत आणि त्याला प्रश्न विचारायची मोकळीक आपल्याला आहे की नाही, याकडे पाहावे.

कोपनहेगनचे प्रकरणही असेच वाचावे लागते. १९५१ मध्ये पॅले हार्ड्रुप नावाच्या माणसाने बँक लुटण्याच्या प्रयत्नात दोघांना गोळ्या घालून ठार केले. पुढे न्यायालयाने त्याचा जुना साथीदार ब्यॉर्न शोव नील्सन याला गुन्ह्याचा सूत्रधार ठरवून जन्मठेप दिली, आणि हार्ड्रुपवर त्याने टाकलेल्या प्रभावात संमोहनाचाही उल्लेख झाला. हे प्रकरण ‘संमोहनाने खून’ म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात दोघे तुरुंगात दीर्घकाळ एकत्र होते आणि नील्सनने वर्षानुवर्षे त्याला गूढ धार्मिक कल्पनांच्या आहारी नेऊन पूर्णपणे स्वतःवर अवलंबून केले होते. असे वर्चस्व संमोहनाशिवायही निर्माण होते आणि संमोहनापेक्षा कितीतरी घातक असते. अमेरिकी गुप्तहेर संघटनेने १९५० च्या दशकात मनावर ताबा मिळवण्याचे जे गुप्त प्रयोग केले त्यांत संमोहनही होते. पैसा मुबलक होता, संमतीची पर्वा नव्हती, तरी हुकमी माणूस घडवणारे तंत्र काही हाती लागले नाही.

आता तुमच्या भावाकडे वळू. त्याला मी पाहिलेले नाही, तेव्हा ठाम निदान करणार नाही. त्याला काय आणि किती आठवते, यावर पुढचे अवलंबून आहे. रस्त्यावरच्या माणसाने पत्ता विचारला, काय बोलणे झाले, अंगठी कशी काढली हे सगळे त्याला क्रमाने आठवत असेल आणि फक्त ‘मी असे का केले’ हे उमगत नसेल, तर ती बहुधा हातचलाखीची, सराईत फसवणूक आहे. असे लोक एकाच वेळी दोन-तीन गोष्टींत लक्ष अडकवतात, घाई करतात, कधी भीती घालतात, कधी दया किंवा लोभ जागा करतात. पुष्कळदा त्यांचा दुसरा साथीदार वाटसरू बनून मध्येच येतो आणि पहिल्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. सभ्य माणसाला समोरच्याचे बोलणे तोडून निघून जाणे जड जाते, आणि त्याच सभ्यतेवर त्यांचा धंदा चालतो. विचार करायला उसंत मिळते तेव्हा अंगठी गेलेली असते. यात संमोहनातल्यासारखी लक्ष एकवटण्याची क्रिया थोडीफार असते हे खरे, पण त्यासाठी वेगळ्या शक्तीची गरज नसते. ‘मला संमोहित केले’ हे त्याचे स्पष्टीकरण खोटेपणातून आलेले नाही, लाजेतून आले असावे. घरच्यांनी त्याची थट्टा केली तर तो ते अधिक घट्ट धरून ठेवील.

याउलट त्याला मधला बराच वेळ मुळीच आठवत नसेल, त्या माणसाने काही खायला, प्यायला, हुंगायला दिले असेल, तोंडाला कोरड पडणे, बाहुल्या मोठ्या दिसणे, बरळणे किंवा खूप झोप येणे असे काही झाले असेल, तर संमोहनाचा विचार सोडून औषधाचा विचार करावा. स्कोपोलामाइन किंवा झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधे गोंधळ आणि विस्मृती घडवतात. तो विषबाधेचा प्रकार आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे जायला हवे आणि तेही लगेच, कारण रक्त-लघवीतले अंश झपाट्याने नाहीसे होतात. दोन्हींपैकी काहीही असले तरी पोलिसांत तक्रार करावी.

एक गोष्ट मात्र करू नये. तुम्ही शेवटी लिहिले आहे, की चोराचा चेहरा आठवावा म्हणून भावालाच संमोहित करून घेण्याचा सल्ला कोणीतरी दिला आहे. कृपया तो मानू नका. संमोहनात आठवणी जास्त निघतात, पण खऱ्या-खोट्याची सरमिसळ होऊन निघतात, आणि माणसाला दोन्हींची सारखीच खात्री वाटू लागते. लॉरेन्स आणि पेरी यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ जणांना संमोहनात सुचवले, की मागच्या आठवड्यातल्या एका रात्री मोठ्या आवाजांनी तुम्हाला जाग आली होती. नंतर त्यांपैकी १३ जण तसे खरोखर घडले होते असे सांगू लागले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ मंडळानेही १९८५ मध्ये अशा आठवणींवर विसंबू नये असाच निर्वाळा दिला. उद्या भाऊ भलत्याच माणसाकडे बोट दाखवील आणि त्याला त्याबद्दल तिळमात्र शंका नसेल. आज आठवते ते, आठवते तसे, त्याला एकट्याने बसून लिहून काढायला सांगा.

राहता राहिले तुमचे उपचार. पॅनिक अटॅक येणाऱ्या व्यक्तीला ताबा सुटण्याची भीती मुळातच असते. ती त्या विकाराचा भाग आहे, तेव्हा संमोहनाबद्दल ती अधिक वाटावी यात नवल नाही. तुमचे उपचार करणाऱ्यांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. पॅनिक असलेल्या काही जणांना शरीर सैल सोडताना उलट घाबरे होते, कारण छातीतली धडधड आणि श्वासाची लय तेव्हा अधिक जाणवू लागते. म्हणून अशा व्यक्तींबरोबर मी डोळे उघडे ठेवून, अगदी थोड्या वेळाने सुरुवात करते, आणि प्रवेशाच्या सूचनांआधी बाहेर येण्याची तालीम घेते: डोळे मिटा, उघडा, उभे राहा, दाराकडे जा, परत या. हे स्वतः करून पाहिले की बरीच भीती जाते. सूचना कोणत्या देणार ते आधी सांगते, आणि त्यातली कोणती नको असेल तर ती गाळते. तुम्हाला हे कोणी आपणहून सांगितले नाही तर विचारा. घरातले कोणी सोबत बसावे किंवा सत्र ध्वनिमुद्रित करावे असे वाटत असेल तर तेही विचारा. या मागणीवर चिडणाऱ्या माणसासमोर डोळे मिटायचे काहीच कारण नाही. त्यांची मूळ पदवी मानसोपचाराची किंवा चिकित्सा मानसशास्त्राची आहे ना, हे पाहा. निव्वळ संमोहनाचे प्रमाणपत्र पुरेसे नाही, कारण संमोहन हे साधन आहे आणि बरा करायचा आहे तो पॅनिकचा विकार.

तुमचा प्रतिसाद मोजणीत कमी निघाला तरी निराश होऊ नका. पॅनिकसाठी संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचे उपचार, हा भक्कम पुरावा असलेला मार्ग आहे, संमोहन बहुधा त्याच्या जोडीलाच वापरले जाते, आणि संमोहनाशिवायही ते उपचार चालतात. सध्या औषधे चालू असतील तर संमोहन सुरू झाले म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती कमी करायची का आणि केव्हा, हे ज्यांनी लिहून दिली त्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा.